गोलमागचा कठडा

‘शिल्पा, उगाच वेळ घालवू नकोस. जा, एक चक्कर मार, फोटो काढ आणि सगळं कन्डेम करून टाक,’ मार्टिन म्हणाला. मार्टिन म्हणजे माझा बॉस. ‘क्लायंटला टेस्ट नकोय.’

‘नकोय म्हणजे?’

‘सगळं गंजलंय म्हणतोय. गंज काय, डोळ्यांनी दिसतो.’

माझं डोकंच फिरलं. डोळ्यांनी कळत असतं तर मला पगार कशाला देतोस, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, ‘मी टेस्ट करणार.’ तो मान हलवत राहिला, मी गाडीची किल्ली घेऊन निघाले.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. जन्म नागपूरचा, नोकरी ब्रिस्टलला. पूल, कार पार्क, जुन्या इमारती किती भार सोसतील ते तपासायचं, हे माझं काम. या वेळी होतं एक छोटंसं फुटबॉल ग्राउंड. क्लबचं नाव सांगत नाही, गावात त्यांना सगळे ‘रिव्हेट्स’ म्हणतात. ग्राउंडची जमीन एका प्रॉपर्टी कंपनीची, आणि तीच आमची क्लायंट. क्लबकडे लीज होतं, पण त्यात एक अट होती. टेरेस असुरक्षित ठरला, तर कंपनी जागा परत घेऊ शकते. टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. प्रेक्षकांनी उभं राहायच्या काँक्रीटच्या पायऱ्या. गर्दी मागून रेटली तर पुढचे चेंगरू नयेत म्हणून त्या पायऱ्यांवर लोखंडी कठडे रोवलेले असतात. ते कठडे मी फेल केले की क्लब संपला आणि तिथे फ्लॅट्स उभे राहणार. इतका सरळ मामला होता.

गेटवर मॉरीन भेटली. क्लबची सेक्रेटरी, सत्तरी ओलांडलेली, अंगात क्लबचं जॅकेट. ‘ये, माय लव्हर, चहा घे,’ म्हणाली. ब्रिस्टलची जुनी माणसं पोस्टमनलाही माय लव्हरच म्हणतात. पहिल्या वर्षी मी हे ऐकून दचकले होते, आणि माझा नवरा विवेक अजून त्यावरून मला चिडवतो.

चहा पिता पिता तिने क्लबचा इतिहास सांगितला. शेजारी पूर्वी विमानाच्या इंजिनांचा कारखाना होता. तिथल्या कामगारांना गावातल्या साहेबलोकांच्या मैदानावर खेळू देत नसत. मग त्यांनी कारखान्यामागची पाणथळ जागा मागून घेतली. भट्टीची राख टाकून ती भरली, राखेचेच ढीग रचून वर काँक्रीटच्या पायऱ्या ओतल्या. कठडे जेवणाच्या सुटीत वेल्ड केले. क्लबने फार काही जिंकलं नाही. एकदा कपमध्ये एका बड्या टीमला पाणी पाजलं, ते मॉरीन अजून काल घडल्यासारखं सांगते. पुढे कारखाना बंद पडला, जमीन विकली गेली, पण क्लब जागचा हलला नाही.

‘आम्हाला हाकलायला बरेच जण येऊन गेले,’ ती म्हणाली. ‘तू कितवी कोण जाणे.’

मला हसू आलं आणि मी आतून हललेही. नागपूरला आमच्या वस्तीतलं बुद्धविहार असंच उभं राहिलं. आईवडिलांच्या पिढीने सुटीच्या दिवशी विटा वाहिल्या, त्याच्यावरही बड्या लोकांचा डोळा होताच. पण मॉरीनला तेव्हा हे सांगितलं नाही. टेस्टच्या आधी कुणाची बाजू घ्यायची नसते.

टेस्टच्या दिवशी क्लायंटचा माणूस हॅरिस स्वतः हजर. चकचकीत बूट, त्यावर राखेचा चिखल.

‘आधी तो घ्या,’ त्याने बोट दाखवलं. कोपऱ्यातला कठडा, रंगाचे पोपडे निघालेले, वरून नुसता तांबडा. ‘याला टेस्ट कशाला लागते?’

टेस्ट सोपी असते. कठड्याला जॅक लावायचा. गाडी उचलतो तसाच, फक्त आडवा. गर्दीचा जोर येईल तेवढा दाब द्यायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग सोडायचा. कठडा वाकला तर चालतं. परत जागेवर आला पाहिजे.

जॅक लावला. कठडा कुरकुरला, वाकला. दाब सोडला, तर गडी होता तिथे परत.

‘पुन्हा करा,’ हॅरिस म्हणाला.

पुन्हा केलं. पुन्हा परत. गंज होता तो वरवरचा, आतलं लोखंड ठणठणीत. त्याच्या पुढचा पास, त्याच्या पुढचाही पास. हॅरिसचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खोटं कशाला बोलू, मला मनातून उकळ्या फुटत होत्या. नुसतं बघून दुसऱ्याची लायकी ठरवणारी माणसं मी नागपुरात पाहिलीत आणि इथल्या ऑफिसांतही पाहिलीत.

शेवटी राहिला गोलमागचा, म्हणजे गोलपोस्टच्या मागचा कठडा. सगळ्यांत देखणा. गडद निळा, तुळतुळीत. मॉरीनच्या वडिलांनी वेल्ड केलेला. ते गेल्यापासून दर सीझनआधी मॉरीन स्वतः त्याला रंग देते. ती शेजारीच उभी होती, हाताची घडी घालून, ऐटीत.

जॅक लावला. पुरता दाब यायच्या आतच बुडाशी कट्कन आवाज झाला. कठडा कलला आणि तसाच राहिला.

मी खाली बसून रंग खरवडला. थरावर थर, थरावर थर. खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथे रंगाच्या आड पाणी साचत गेलं होतं, आणि आत लोखंडाचा नुसता भुगा उरला होता. इतर कठड्यांचा गंज निदान दिसत तरी होता.

‘फेल,’ मी म्हटलं.

‘तो माझ्या वडिलांचा आहे,’ मॉरीन म्हणाली.

‘माहीत आहे. पण शनिवारी त्याच्यावर माणसं रेलतात.’

‘म्हणजे तू त्यांचीच निघालीस!’ ती चहा विकायच्या टपरीत, टी-हटमध्ये गेली आणि शटर धाडकन खाली ओढलं. मला फार वाईट वाटलं. पण काय करणार, फेल म्हणजे फेल.

हॅरिसने तिथूनच मार्टिनला फोन लावला. ‘एक फेल म्हणजे सगळेच संशयास्पद,’ त्याने ऐकवलं आणि फोन माझ्या हातात दिला.

‘शिल्पा, त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे...’ मार्टिनने सुरुवात केली.

‘काडीचंही नाही. प्रत्येकाची वेगळी टेस्ट केलीय. एक फेल झालाय, एकच लिहिणार.’

‘क्लायंट मोठा आहे, हे लक्षात घे.’

‘असू दे. सगळे फेल लिहायचे तर तू लिही आणि सहीही तूच कर. माझ्या सहीने ते होणार नाही. आणि हे कुणी विचारलं, तर मी काय मोजलं ते सगळ्यांसमोर सांगेन.’

मार्टिन भित्रा आहे, पण खोटा नाही. अशी सही तोही करणार नव्हता. ‘जे मोजलंस ते लिही,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला. हॅरिस चिखलातले बूट आपटत निघून गेला.

रिपोर्ट गेला. गोलमागचा कठडा काढा, बाकी टेरेस सुरक्षित. कंपनीने दुसरा इंजिनिअर आणला. त्यालाही तेच सापडलं. क्लबचा लाडका कठडासुद्धा मी सोडला नव्हता, म्हणून बाकीचे पास कुणाला खोडता येईनात. लीज राहिलं.

कठडा काढायला कंपनी माणूस पाठवणार होती. मॉरीनने मला फोन केला. ‘त्यांचा हात लागता कामा नये. आम्ही लावलाय, आम्हीच कापू.’ मी गेले. तिने गॉगल चढवला आणि लोखंड कापायचा ग्राइंडर स्वतः चालवला. डोळे पुसले ते गॉगल काढल्यावर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘खरं बोललीस, माय लव्हर. पण मला तुझा राग आला होता. अजूनही थोडा आहे.’

‘असू दे,’ मी म्हटलं. आणि तेव्हा तिला विहाराची गोष्ट सांगितली.

त्या कंपनीने आमच्या फर्मला पुन्हा काम दिलं नाही. मार्टिनने माझी बदली कार पार्कच्या तपासणीवर केली. ऊन नाही, चहा नाही, माय लव्हर म्हणणारं कुणी नाही. चालतंय.

सीझनच्या पहिल्या मॅचला मी आणि विवेक गेलो. गोलमागे नवा कठडा होता, जस्ताचा मुलामा दिलेला, करडा, दिसायला अगदीच सामान्य. शेजारी मॉरीन, हातात निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश.

‘खबरदार,’ मी म्हटलं.

‘थोडासा?’

‘थेंबभरही नाही. ज्याच्यावर जीव आहे ना मॉरीन, त्याला आधी जॅक लावायचा. रंग नंतर.’

तिने डबा खाली ठेवला, पोट कठड्याला टेकवलं आणि रेफरीला अशी काही शिवी हासडली की विवेक चहा सांडता सांडता राहिला. आम्ही हरलो. हरल्यावरही तिथून कुणी हललं नाही.