सरांची अर्धी दाढी

निवृत्तीनंतर इंग्रजीच्या सरांना विद्यार्थी उरला तो एकच : घरी दाढी करायला येणारा न्हावी. त्याला जहाजावरच्या सलूनमध्ये नोकरी हवी होती आणि त्यासाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. त्याने सरांच्या गालाला फेस फासायचा, सरांनी फेसातून व्याकरण सांगायचं. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभरात सरांशी बोलणारं माणूस तेवढंच.

सर्वनामं झकास झाली.

"मालकाने नोकराला सांगितलं की तो चुकला. तो म्हणजे कोण?"

"नोकरच, सर. मालक कधी चुकतो का?"

"अरे, स्वतःचा अनुभव नको सांगूस! पुढचं वाक्य वाच, त्यात कळतं."

मग 'जर-तर'चा धडा आला. सरांनी सरळ पान उलटलं. "हे विचारत नाहीत. सोड."

परीक्षेत नेमकं तेच आलं आणि धो धो आलं. न्हावी नापास झाला.

तरी दुसऱ्या दिवशी स्वारी पेटी घेऊन हजर. "तुम्ही जीव तोडून शिकवलंत, सर. माझंच डोकं मठ्ठ," म्हणत त्याने ब्रश फिरवला. सर काहीतरी बोलणार होते. पण गळ्यावर वस्तरा असताना तोंड उघडायचीही सोय नाही. डावा गाल गुळगुळीत झाला. हा भला माणूस स्वतःला मठ्ठ म्हणवून घेतोय आणि आपण हनुवटी वर करून बसलोय नवरदेवासारखे!

"थांब," सर म्हणाले. "तो धडा विचारतात. दरवर्षी विचारतात. मला ठाऊक होतं."

"मग सोडलात का?"

"पास झाला असतास तर गेला असतास रे."

न्हाव्याने वस्तरा पुसला, मिटला, पेटीत ठेवला. चालला, असं सरांना वाटलं. पण तो स्टूल ओढून समोर बसला.

"पुस्तक काढा."

"आत्ता? अरे, फेस वाळतोय."

"वाळू दे. माझं वर्ष वाळलं त्याचं काय?"

सरांनी पान काढलं. "आधी घडू शकेल ते. मग घडणं कठीण ते. आणि शेवटी, हातचं गेलं ते." थोडी कुचराई केली असती तरी त्याला कळलं नसतं, म्हणूनच आज ती करवेना. उजवा गाल फेस वाळून खाजत होता.

"ती शेवटची तऱ्हा पुन्हा सांगा," न्हावी वर न बघता म्हणाला.

सरांनी ती पुन्हा सांगितली. सावकाश, काही न गाळता.