राखेच्या विटांची खोली

दोन हजार तेवीस साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती आडुतुरैला लेकीकडे राहिली, कारण आमचं निजायचं माडीवर आणि जिना तिला चढवेना. खाली एक खोली बांधायची आणि तिला घरी आणायची, एवढंच काम. पण सून इंजिनियर. माझी शाळा पाचवीत सुटली, तिची अजून सुटलेली नाही.

तिनं राखेच्या विटा आणवल्या. वीजघरात कोळसा जाळून उरते ती राख. लाल विटेला शेतातली चांगली माती जाते, भट्टीला लाकूड जातं, धूर होतो, म्हणे. माझ्या बायकोच्या एका खोलीनं जगाचा ताप उतरणार होता! आधी कळतं तर दोन काढल्या असत्या.

"घरात राख घालायची नाही," मी मेस्त्रीला बजावलं. "राख मसणातली. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या लाल विटेत राहिलो."

मेस्त्री शहाणा. थापी धुऊन घरी गेला.

सून चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मामंजी, कपाळाला काय फासलंय?"

"विभूती आहे ती!"

"कशाची करतात?"

गोवऱ्या जाळून करतात, हे मला काय ठाऊक नाही? "ती देवाची राख," मी म्हटलं, "ही सरकारची."

काम थांबलं. विटांच्या ढिगात मांजर व्यायली. चला, कुणाला तरी घर मिळालं.

एका संध्याकाळी बायकोचा फोन आला. "अहो, खोली कुठवर आली?"

"तुझ्यासाठीच भांडतोय. लाल वीटच घालणार."

"वर गिलावा होणार ना? मग मला वीट दिसणार आहे होय? इथं जावई रोज विचारतो, 'आता बरं वाटतं ना?' त्याचा अर्थ मला कळतो. तुमची लाल वीट उशाला घेऊन निजा. मी येत नाही."

आणि फोन ठेवला. लग्नापासून तिनं माझं बोलणं असं तोडलं नव्हतं. चांगलं यंत्र काढलंय.

रात्रभर माडीवर एकटा पडून होतो. जागा ऐसपैस होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, नेहमीच्या दुप्पट विभूती फासली आणि मेलकावेरीला मेस्त्रीच्या दारात जाऊन उभा राहिलो. "सून हट्टाला पेटलीय," मी म्हटलं. "लहानांपुढं मोठ्यानं किती ताणायचं? चल." घरी येऊन मांजरीची पिल्लं टोपलीत ठेवली आणि विटांवर पाणी मारायला घेतलं.