पंधरावा दांडा

समोरच्याचा पारा चढला की तो खांद्यावरची बॅग खाली ठेवायचा. आपटायचा नाही. झोपलेलं मूल ठेवावं तशी अलगद ठेवायचा आणि शेजारी उकिडवा बसायचा. मग त्या तापलेल्या माणसाकडे न बघता, गवताची एक काडी दातात धरून म्हणायचा, "चौदा दांडे हायत, ते मी उचलतो. पंधरावा नाय उचलायचा. तो तुझा तू वाह."

पंधरावा दांडा म्हणजे राग. गोल्फच्या बॅगेत चौदापेक्षा जास्त काठ्या ठेवायच्या नाहीत असा नियम आहे. तो नियम आमच्यातल्या निम्म्या खेळाडूंना माहीत नव्हता, पण त्याला, आमच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडीला, माहीत होता, कारण ओझं त्याच्या खांद्यावर असायचं.

तलासरीत कसलं गोल्फ, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण वेवजीच्या अलीकडे, जिथे मोबाइल कधी महाराष्ट्राचा असतो तर कधी गुजरातचा, तिथे एका हौशी उद्योगपतीने नऊ होलचं छोटंसं मैदान केलंय. पावसाळ्यात ते बंद असतं, दिवाळीनंतर उघडतं. गावातले लोक त्याला 'मोठ्या माणसांच्या गोट्या' म्हणतात. यात काही चूक नाही. लांबून मारायचं आणि गलीत घालायचं, एवढाच तर खेळ आहे.

डहाणू रोडला माझा दातांचा दवाखाना आहे. दंतवैद्याला रागावता येत नाही. समोरच्याच्या तोंडात यंत्र फिरत असतं, तेव्हा हात थरथरून कसं चालेल? त्यामुळे सोमवार ते शनिवार मी इतका गोड बोलतो की बायकोला संशय येतो. सहा दिवसांचा साठलेला राग मी रविवारी सकाळी गाडीत घालून तलासरीला न्यायचो आणि पहिला चेंडू चिकूच्या वाडीत गेला की तिथेच मोकळा करायचो. तो बॅग खाली ठेवायचा, मी थोडा वेळ वाडीला, वाऱ्याला आणि काठी बनवणाऱ्याच्या घराण्याला शिव्या द्यायचो, मग आम्ही पुढे जायचो. आठ वर्षं असं चाललं. आणि या शहाण्या माणसाचं काम एके दिवशी माझ्यामुळे गेलं. ते सांगायलाच हे लिहायला बसलोय.

माझ्यापेक्षा तो दहा-बारा वर्षांनी मोठा असावा, साठी उलटलेला. तरी मी 'तो' असंच लिहिणार. 'ते' म्हटलं असतं तर आपल्यामागून कोण आलं म्हणून त्याने वळून बघितलं असतं. त्याच्या बोलीत सगळ्यांना 'तू'. मला तू, मॅनेजरला तू, तहसीलदार पाहुणे म्हणून आले तर त्यांनाही तू. मुंबईचे एक बिल्डर एकदा यावर भडकले. "मला तू म्हणतोस?" त्याने शांतपणे बॅग खाली ठेवली. "साहेब, चौदा दांडे हायत..." बिल्डर आणखी भडकले, आणखी वाईट खेळले, आणि नवव्या होलवर स्वतःच हसत सुटले. पुढच्या वेळी आले तेव्हा त्यांनी मॅनेजरला पहिला प्रश्न केला, "तो तूवाला कुठे आहे?"

आता त्याचा एक दोष सांगतो. तो खोटं बोलायचा. सरसकट आणि मनापासून. माझा फटका फसला की म्हणायचा, "वारा आला, साहेब." पानही हललेलं नसायचं. चेंडू पाण्यात गेला की, "बगळा उडाला ना, त्याला बघत राहिलास." बगळा मी पाहिलेलाच नसायचा. एकदा तर माझी काठी चेंडूला लागलीच नाही, नुसती मातीचा ढेकूळ घेऊन गेली, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "जमीनच वर आलीय इथं." इतकी मायाळू खोटी साक्ष मला पुन्हा कोणी दिली नाही.

फक्त चौथ्या होलवर तो असलं काही बोलत नसे. तिथे हिरवळीच्या कडेला मोहाचं एक जुनं झाड आहे. त्या झाडाशी आलो की तो चपला काढायचा, हातात घ्यायचा आणि अनवाणी पुढे जायचा. फटका फसला तर गप्प. वारा नाही, बगळा नाही. मॅनेजरने एकदा बाकीच्या कॅडींना गोळा करून सांगितलं होतं, "याच्याकडून शिका, गवताची केवढी काळजी!" तो खाली बघत उभा राहिला. गवतासाठी नाही, असं तो म्हणाला नाही, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. इतर आठ ठिकाणी हा चपला घालून फिरतो, मग इथल्याच गवताचे लाड का, एवढा साधा प्रश्न आमच्या शिकलेल्या डोक्यांत आला नाही.

फेब्रुवारीत आमच्यातल्या आमच्यात एक स्पर्धा होते. बक्षीस म्हणून एक कप मिळतो. स्टीलचाच, पण त्यासाठी माणसं वर्षभर झुरतात. त्या वर्षी शेवटी दोघेच उरलो, मी आणि सरावलीचे एक वकील. वकील अतिशय सभ्य माणूस. त्यांचा सभ्यपणाच मला त्या दिवशी टोचत होता.

चौथ्या होलवर माझा चेंडू हिरवळीच्या जरा बाहेर, बोटभर उंच गवतात थांबला. मी चेंडूच्या मागे काठी टेकवली आणि चेंडू किंचित घरंगळला. असं झालं की एक फटका दंड म्हणून स्वतःच वाढवायचा असतो. इथे पंच नसतो, आपणच आपलं सांगायचं असतं.

पलीकडून वकिलांनी विचारलं, "डॉक्टर, हलला का हो?"

"नाही," मी म्हणालो.

वकील हसल्यासारखं करत वळले. त्यांनी माझ्यामागे उभ्या असलेल्या त्यालाच विचारलं, "काय रे, हलला का?"

मला काळजी नव्हती. जो माणूस न आलेला वारा आठ वर्षं माझ्या बाजूने उभा करत आला, तो एवढं सांभाळून घेणारच. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे.

"हलला," तो म्हणाला. "दोन बोटं."

मग मी जे बोललो ते लिहिताना आजही कान तापतात. "तुला कोणी विचारलं? बॅग उचलायला ठेवलाय तर बॅग उचल. तुझे डोळे कशाला लावतोस मध्ये? खोटारडा!" आणि हातातली काठी मी सगळा जोर लावून फेकली. ती मोहाच्या बुंध्यावर आदळली आणि वाकून खाली पडली.

त्याने बॅग खाली ठेवली, नेहमीसारखीच अलगद. पण बसला नाही, आणि पंधराव्या दांड्याचं काही बोललाही नाही. चपला हातात घेऊन झाडापर्यंत गेला, तिथे त्या पायात घातल्या आणि उतार उतरून निघून गेला.

वकिलांनी वाद घातला नाही. "तुमचा शब्द," एवढंच म्हणाले. मी एका फटक्याने जिंकलो. जाताना मॅनेजरला सांगून गेलो की हा माणूस मला पुन्हा नको. मॅनेजरची अक्कलदाढ मीच काढलेली. त्याने माझा मान ठेवला आणि त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. मला हे पंधरा दिवसांनी कळलं. कळलं तेव्हा वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर वाईट वाटून मी गप्प बसलो. कप दवाखान्यात ठेवला होता. पेशंट खुर्चीत आडवे झाले की त्यांना तो दिसायचा. "डॉक्टर, तुम्ही जिंकलात?" असं एकाने विचारलं तेव्हा मी त्याला लगेच 'आ' करायला लावलं.

मैदानाबाहेर चहाची टपरी चालवणारी एक बाई आहे. मार्चमध्ये एका रविवारी तिने चहा पुढे केला आणि ग्लास न सोडता म्हणाली, "डाक्टर, तू त्याला खळ्यावर खोटारडा बोललास?"

"कसलं खळं?"

"ते चौथं. त्याच्या बापाचं खळं ना ते. मोहाच्या झाडाखाली भात झोडायचे. आमच्यात खळ्यावर चप्पल घालत नाय, भांडत नाय, खोटं बोलत नाय. कणसरी निघून जाते."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. डहाणूत सारा जन्म काढल्यामुळे हा शब्द मी ऐकला होता, तिची पूजा बघायला मात्र कधी गेलो नव्हतो. ती जमीन त्यांच्याकडून कशी गेली हे त्याने मला कधी सांगितलं नाही. आठ वर्षं मीही विचारलं नव्हतं, आणि याची लाज मला त्या खोट्यापेक्षा जास्त वाटते.

त्याच दिवशी मी वेवजीतल्या त्याच्या पाड्यावर गेलो. तो राबाची तयारी करत होता. रोपं टाकायची जागा आधी भाजून घेतात, त्यासाठी पालापाचोळा, शेण, फांद्या यांचे थर रचत होता. बाजूच्या ऐनाच्या झाडाची फांदी खाली ओढायला त्याने हातात एक आकडा घेतला होता. मी निरखून बघितलं. ती माझी वाकलेली काठी होती.

"ही तुझी," तो म्हणाला. "पडली होती. फांदीला बरी हाय. नेतोस?"

"राहू दे," मी म्हणालो.  "माझं चुकलं."

त्याने थरावर माती पसरली, हाताने दाबली. "वाऱ्याकडून पेटवला ना, तर भडकतो आणि संपतो. माती कच्चीच राहते. वाऱ्याच्या उलट पेटवायचा. सावकाश जळतो, माती नीट भाजते." हे तो राबाबद्दल बोलत होता. तुम्हाला आणखी काही वाटलं तर मलाही वाटलं होतं, पण तो तसा आडून बोलणारा नव्हता.

"मी मॅनेजरला सांगतो. तू परत ये," मी म्हणालो.

"मॅनेजरला नको सांगू."

"मग?"

"खळ्यावर बोललास ना? मग खळ्यावर सांग."

पुढच्या रविवारी मी वकिलांना, मॅनेजरला आणि सगळ्या कॅडींना चौथ्या होलवर बोलावलं. तोही आला, मोहाखाली उभा राहिला. मी बूट काढले. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. मग मोजेही काढले. कापडी पिशवीतून कप काढून वकिलांच्या हातात दिला.

"चेंडू हलला होता. दोन बोटं. मी खोटं बोललो, आणि खरं बोलणाऱ्यावर ओरडलो."

वकील कपाकडे बघत राहिले. "मलाही दिसलं होतं, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "तुम्हीच सांगाल म्हणून विचारलं होतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. तो झाडाखालून आला, माझ्या बॅगेतल्या काठ्या एकेक करून मोजल्या आणि बॅग खांद्यावर टाकली. "तेरा," तो म्हणाला. "चौदावा घरी हाय, कामावर. चल."

त्यानंतर दोन हंगाम तो माझ्याबरोबर होता. मी पूर्ण सुधारलो असं समजू नका. चिकूच्या वाडीत चेंडू गेला की अजूनही तोंडून काहीबाही निघायचं आणि बॅग खाली टेकायची. पण आता तो म्हणायचा, "तेरा मी उचलतो. पंधरावा तुझा." मधल्या चौदाव्याचा हिशेब फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता, आणि तेवढ्यावर माझा राग हसण्यावारी जायचा. वारा पूर्वीसारखाच माझ्या सोयीने वाहू लागला. एकदा मी विचारलं, "चौथ्यावर खोटं बोलत नाहीस, मग इथे कसा बोलतोस?" तो म्हणाला, "इथं कुठं खळं हाय?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मैदान उघडलं तेव्हा तो आला नाही. टपरीवाल्या बाईने न विचारताच सांगितलं. भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायची होती, तेव्हा दोन दिवस ताप आला आणि त्यातच तो गेला. मी चहा तसाच ठेवून पाड्यावर गेलो.

त्याची बायको दारात भात वाळवत होती. मला बघून आत गेली आणि आढ्याला टांगलेली ती वाकडी काठी घेऊन आली. धरायच्या जागी जुन्या लुगड्याची चिंधी सुतळीने घट्ट बांधली होती. "तो बोलला होता, डाक्टरचा दांडा डाक्टरला दे."

मी ती हातात घेतली. लोखंड फांद्यांवर घासून गुळगुळीत झालं होतं. ज्या जागी ती मोहावर आदळली होती तिथला बाक तसाच होता, माझ्या रागाएवढा. मी विचारलं, "यंदा राब कोण करणार?"

"मीच," ती म्हणाली.

"मग फांद्या कशाने ओढशील?"

तिने माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं. मी आत गेलो आणि काठी होती तिथेच आढ्याला अडकवली.

आता माझी बॅग मीच उचलतो. मोहाच्या झाडाशी बूट काढतो. गवताची काळजी घेतो म्हणून नवीन लोक माझं कौतुक करतात. मी त्यांना खळ्याचं सांगतो, सगळं, अगदी दोन बोटांसकट. खेळायला सुरुवात करण्याआधी काठ्या मोजतो. अजून तेराच भरतात. चौदावा वेवजीला आहे, कामावर.