अण्णांचा मे महिन्यातला धबधबा

माझे अण्णा थापाडे नव्हते.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. एवढं तरी पब्लिकली लिहून टाकते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या मार्केटला माथाडी. जन्मभर कांद्या-बटाट्याची पोती वाहिली. पण साताऱ्याहून कुणी पाहुणा आला, की रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून त्याला ‘आमची नवी मुंबई’ दाखवायला निघणार.

टूर ठरलेली. आधी बेलापूरचा किल्ला, मग खाडीवरचे फ्लेमिंगो आणि शेवटी खारघरचा पांडवकडा धबधबा.

घोळ एवढाच, की गावाकडचे पाहुणे येणार मे महिन्यात. शेतं रिकामी, पोरांना सुट्टी.

आणि मे महिन्यात पांडवकड्याला पाण्याचा थेंब नसतो.

अण्णांना त्याचं काही नाही. तापलेल्या कातळाखाली उभे राहून हात वर करून सांगायचे, इथून सुटतं, तिथे आपटतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पाहुणे घाम पुसत वर बघायचे.

कॉलेजात असताना मला याची भयंकर लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

थोरले तात्या, म्हणजे अण्णांचे मोठे भाऊ, अण्णा असताना एकदाच आले. अजिंक्यताऱ्याच्या सावलीतला माणूस. किल्ला बघून म्हणाले, आमच्याकडं ह्याला नुसता बुरूज म्हणत्यात. फ्लेमिंगो बघून म्हणाले, बगळ्यांना रंग कुणी लावला. अण्णाही हसले.

पांडवकड्याखाली मात्र तात्यांनी आधी कातळाकडे बघितलं, मग अण्णांकडे.

"लेका, आणलंस खरं. पर पाणी कुठं हाय?"

झालं. गावभर गेलं. पुढे गावात कुणी मोठ्या बाता मारल्या, की लोक म्हणायचे, हा मुंबईचा धबधबा दिसतोय.

अण्णांना ते फार लागलं. माझं काही नाही म्हणायचे, पण दर पावसाळ्यात तात्यांना फोन. दोन दिवस या की. तात्यांचं उत्तर ठरलेलं, पेरणी हाय, भांगलण हाय, गुरं कोण बघणार.

मी म्हटलं, अण्णा, व्हिडिओ पाठवते ना, टेन्शन कशाला घेता.

"नगं. त्यानं डोळ्यानं बघितलं पायजे."

मागच्या जुलैत अण्णा अटॅकने गेले.

तेव्हा तात्या आले. पेरणी अर्धी टाकून.

तेराव्यानंतर मी त्यांना कळंबोलीला एसटीत बसवायला निघाले.  गाडीत त्यांनी एकदम विचारलं, त्यो धबधबा वाटंवर हाय का.

थोडी आडवाट होती. मी गाडी वळवली.

पावसात वर सोडत नाहीत, म्हणून रस्त्यावरूनच बघितला. पांढराशुभ्र, उंच कड्यावरून सरळ खाली. खरं सांगते, इतकी वर्षं इथे राहून मीही तो नीट बघितला नव्हता.

तात्यांनी छत्री मिटली, टोपी काढली आणि भिजत उभे राहिले. मी बोलावलं तरी येईनात.

मग त्यांनी गावाला माझ्या चुलतभावाला फोन लावला.

"आरं, खरा हाय. धाकटा खरं सांगत हुता. पारावर समद्यांस्नी सांग."

गाडीत बसल्यावर तात्या काचेकडे तोंड करून रडले. अण्णांच्या मातीला रडले नव्हते, ते तिथे रडले.

"एक पेरणी चुकली असती तर काय बिघडलं असतं गं."

 एसटी चुकली. आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत चहा प्यायलो.

अण्णा, तुमची फार आठवण येते. निवांत राहा.

तुमच्या शब्दाला आता गावात कुणी हसत नाही.