सगळ्या टेस्ट हिरव्या

माझी सून कॉम्प्युटरचं काम करते. त्यातलं मला फक्त टेस्ट लिहिणं कळतं, तेही थोडंच. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात म्हशी होत्या. विषय तिथेच संपला.

नवरा गेल्यावर मुलाने मला कतारला, दोह्याला आणलं. "गावात एकटी कशी राहशील?" म्हणाला. तो स्वतः मेसईदला कारखान्यात आहे. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि गुरुवारी संध्याकाळी बसने घरी येतो. एकटी राहू नये म्हणून आणलेली मी फरीज बिन ओमरानमधल्या एका फ्लॅटमध्ये सुनेबरोबर राहू लागले, आणि सून दिवसभर लॅपटॉपसमोर.

फ्लॅट चांगला आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण गॅलरीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात, बाकी काही नाही. खाली वॉचमन आहे, तो छातीवर हात ठेवून सलाम करतो. तो नेपाळचा, मला हिंदी धड येत नाही, त्यामुळे सलामाच्या पुढे गाडी जात नाही. वरच्या मजल्यावर मुंबईचं कुटुंब आहे. त्यांची मुलगी लिफ्टमध्ये भेटली की मी विचारते, "शाळा सुटली का गं?" ती म्हणते, "येस आंटी." मराठी तिला सगळं समजतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. पोर गोड आहे. तिच्याशी बोलून झालं की मला आणखी एकटं वाटतं, म्हणून हल्ली नुसती हसते.

गावात मी दिवसभर गप्पा मारायचे असंही नाही. माझं कोणाशी फारसं जमत नव्हतं. पण भांडायला तरी शेजारीण होती.

सुनेचं काम काय ते तिनेच मला सांगितलं. दवाखान्यांसाठी तिची कंपनी एक वेबसाइट चालवते. त्यावर लोक डॉक्टरची वेळ घेतात. लोकांना दिसतो तो भाग दुसरे करतात. मागे जे चालतं, कोणाची वेळ कुठे नोंदली, कोणाला मेसेज गेला, तो भाग हिच्याकडे. आणि हे सगळं नीट चालतंय का ते तपासायला ती आणखी छोटे छोटे प्रोग्राम लिहिते. त्यांना टेस्ट म्हणतात. टेस्ट चालवली आणि सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरवी खूण येते. बिघडलं असलं की लाल.

हे ती मला हौसेने सांगत नव्हती. तिला काम करताना मोठ्याने बोलायची सवय आहे. बोलता बोलता चूक सापडते म्हणे. पुण्याच्या ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर मैत्रीण असायची, तिला सांगायची. इथे रविवारी तेवढं ऑफिसला जायचं, कारण इकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची; बाकी दिवस घरून काम, मग समोर मी. मी मेथी निवडत बसायचे आणि ती सांगत राहायची. माझ्या जागी पिठाचा डबा ठेवला असता तरी तिचं भागलं असतं. मला त्याचा राग नव्हता. कोणाचा तरी आवाज कानावर पडत होता.

त्या दिवसांत घरात एकच विषय होता. मुलाचं मेसईदचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि ते वाढवणार नाहीत असं त्याला कळलं होतं. सुनेचं प्रोबेशन चालू होतं. ती पक्की झाली तर तिच्या पगारावर इथे राहायचं आणि त्याने दुसरं काम शोधायचं. नाही झाली तर तिघांनी सामान बांधून परत.

मला परत जायचं होतं. मी मुलाला एका शुक्रवारी तोंडावर सांगितलं, "नाही झाली पक्की तर बरंच आहे."

तो घाबरला. "आई, तिच्यासमोर असं बोलू नकोस."

"मग तिच्यामागे बोललं तर चालतं?"

"अगं, चालत नाही. पण मागे तरी बोल."

मी मागेच बोलत राहिले. सुनेपुढे गप्प. तिने तरी मला कधी विचारलं होतं? विचारायची म्हणजे असं, सकाळी हेडफोन कानाला लावता लावता म्हणायची, "आई, बऱ्या आहात ना?" मी तोंड उघडेपर्यंत हेडफोन लागलेला असायचा. मुलाचंही तसंच. रोज फोन करायचा. "जेवलीस? बरं, ठेवतो, यल्ला." हा यल्ला, म्हणजे अरबीत 'चला', त्याला तिकडे चिकटला.

मग एके दिवशी एका दवाखान्याची तक्रार आली. कोणी आपली वेळ रद्द केली की वाट बघत असलेल्या पुढच्या माणसाला मेसेज जायला हवा, की वेळ मोकळी झाली, या. तो जात नव्हता. डॉक्टर रिकामे बसत होते आणि लोक घरी बसून फोनकडे बघत होते. मेसेज पाठवायचा तो भाग सुनेने लिहिलेला. आणि साहेब त्याच आठवड्यात तिचं पक्कं करायचं की नाही ते ठरवणार होते.

"आई, पण टेस्ट सगळ्या हिरव्या आहेत," ती म्हणाली. "हे बघा ना."

मी बघितलं. खरंच, वरपासून खालपर्यंत हिरवं.

दुपारी ती जेवायला उठली नाही. मी ताट झाकून समोर बसले. ती नेहमीसारखी बोलत होती, पण आवाज बारीक झाला होता. बोलता बोलता थांबली. म्हणाली, "एक करून बघते. मुद्दाम बिघडवते." तिने प्रोग्राममध्ये काहीतरी खोडलं, म्हणजे आता मेसेज जाणंच शक्य नव्हतं. मग टेस्ट चालवली.

हिरवी.

"मी मोडून टाकलंय, तरी पास," ती म्हणाली. मग कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "अवेट राहिलंय."

"काय राहिलंय?"

आता ती खरंच मला सांगू लागली. मेसेज पाठवणं हे लगेच होणारं काम नाही. दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सांगायचं, त्याचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर प्रोग्राम दुसरी कामं करतो. म्हणून टेस्ट लिहिताना, उत्तर येईपर्यंत इथे थांब, असा एक शब्द लिहावा लागतो. तो शब्द अवेट. हिने तो लिहिलाच नव्हता. टेस्टने विचारलं, 'मेसेज गेला का?' आणि उत्तर यायच्या आत टेस्ट संपली. ती संपेपर्यंत काही चुकलेलं दिसलं नाही, म्हणून हिरवी खूण. उत्तर मागून आलं तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

"आणि पहिली लिहिली तीच मी पुढे कॉपी करत गेले," ती म्हणाली. "सगळीकडे हेच आहे. या टेस्टनी कधी काही तपासलंच नाही, आई."

मी म्हटलं, "तू घरातून निघताना करतेस तसं झालं हे."

"म्हणजे?"

"तू रविवारी ऑफिसला जाताना 'येते' म्हणतेस. आमच्यात 'येते' म्हटलं की आतून 'ये' म्हणेपर्यंत उंबऱ्यात थांबतात. तू 'येते' म्हणतेस आणि दार लागतं."

तिने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणता 'ये'?"

"म्हणते की. दाराला."

तिला हसू आलं नाही. मी काही टोमणा मारला नव्हता, जे होतं ते सांगितलं. पण ते टोमण्यासारखंच लागलं असणार.

तिने तो शब्द जिथे जिथे हवा तिथे घालायला सुरुवात केली. एकेक टेस्ट लाल होऊ लागली. दवाखान्याने तक्रार केली होती ती चूक तर निघालीच, वर आणखी दोन-तीन निघाल्या ज्या अजून कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या. तक्रारीची चूक तिने तासाभरात दुरुस्त केली. बाकीच्यांना दिवस लागणार होते.

मग मुलाला फोन लावला. तो स्पीकरवर होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेबांना सांगू का? टेस्ट सगळ्या पोकळ होत्या म्हणून?"

"वेडी आहेस का? मेसेज जातोय ना आता? खलास. आधी पक्की हो, मग हळूहळू बाकीचं कर."

"पण ते त्याच टेस्ट बघून मला पक्कं करणार."

"मग बघू देत की! हिरव्याच आहेत ना त्यांच्याकडे?"

तिने फोन ठेवला आणि मला विचारलं, "आई, तुम्हाला काय वाटतं?"

मी सरळ सांगितलं. "मला विचारू नकोस. मला घरी जायचंय. तू साहेबांना सांगितलंस आणि नोकरी गेली तर माझं काम होतं. मी 'सांग' म्हटलं तर ते तुझ्या भल्यासाठी म्हटलं असं समजशील, आणि ते तसं नसेल."

"तुम्हाला इथे राहायचं नाहीये?"

"नाही."

"कधी बोलला नाहीत."

"तू रोज विचारतेस, 'बऱ्या आहात ना?' त्यात 'नाही' म्हणायला जागा कुठे असते?"

लॅपटॉपवर काहीतरी वाजलं. तिने झाकण खाली केलं. खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "सांगा."

आता विचारल्यावर मला नीट सांगता येईना. गावात काय ठेवलंय, असं ती म्हणाली असती तर भांडता आलं असतं. ती गप्प बसली होती. मी सांगितलं की इथे सकाळी उठल्यावर मी कोणाच्या वाटेत येत नाही. कोणी मला ओलांडून जात नाही, कोणी म्हणत नाही 'सरका जरा.' दार उघडायचं तर आधी भोकातून बघायचं, कोण आहे. कोणीच नसतं. कधी कधी बेल वाजते ती डिलिव्हरीवाल्याची, तो पुडकं ठेवून निघून गेलेला असतो. गावात भाजीवालीशी हुज्जत घालताना निदान माझा आवाज चढायचा. इथे माझा आवाज मलाच जुना वाटायला लागलाय, पेटीतून काढलेल्या लुगड्यासारखा. असंच काहीबाही बोलले. तिने मधे काही विचारलं नाही, समजूतही घातली नाही. मग तिने झाकलेलं ताट ओढलं आणि गार झालेली मेथीची भाजी गरमही न करता खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांना फोन केला. मी स्वयंपाकघरात होते. तिचंच बोलणं ऐकू येत होतं, इंग्रजीत. मधे मधे 'येस सर', मग खूप वेळ काहीच नाही, मग 'माय मिस्टेक'. एवढं मला कळतं. कणीक मळताना माझे हात थांबले होते. मला वाटलं होतं मी नोकरी जाण्याची वाट बघतेय. प्रत्यक्षात काय वाटत होतं ते मला सांगता यायचं नाही. तिचा आवाज कापत होता आणि तो मला ऐकवत नव्हता.

ती आत आली. "ओरडले. मग म्हणाले, सगळ्या टेस्ट दुरुस्त कर, आणि आपल्याच टीममध्ये आणखी दोघांनी तसंच लिहिलंय का ते बघ."

"आणि नोकरी?"

"गुरुवारी सांगतो म्हणाले."

गुरुवारी त्यांनी सांगितलं. ती पक्की झाली.

मुलगा संध्याकाळी मिठाई घेऊन आला, वाटेत अल मन्सूराच्या बाजारात उतरून, आपल्याकडची म्हणून काजूकतली. तो खुशीत होता. मी म्हटलं, "छान झालं," आणि लगेच म्हटलं, "मी उन्हाळा संपला की गावी जाते."

त्याचा हात मिठाईच्या डब्यावरच राहिला. "आई, आज हे? तिकडे कोण आहे तुझं? आजारी पडलीस तर? पडलीस-झडलीस तर? मी इथून काय करू?"

"मी पडले तर मी उठेन."

"हे बोलायला ठीक आहे!"

त्याने बायकोकडे बघितलं, तिने काही बोलावं म्हणून. मीही तिच्याकडे बघितलं. माझ्या मनात होतं की ती म्हणेल, 'आई, नका जाऊ.' मी तिचं ऐकणार नव्हते. पण ती म्हणेल असं धरून चालले होते.

ती म्हणाली, "जाऊ दे त्यांना. त्यांना इथे करमत नाही. मला माहितीय."

मला हवं होतं तेच ती बोलली होती. माझ्या बाजूने बोलली, नवऱ्यासमोर, आणि खरं बोलली. या घरात माझं म्हणणं एवढं नीट कोणी ऐकलं नव्हतं. तरी ते मला लागलं. इतक्या पटकन जाऊ देईल असं वाटलं नव्हतं.

तसं मी दाखवलं नाही. उठले आणि म्हटलं, "भात किती टाकू? दोघं मिठाईवरच राहणार असाल तर कमी टाकते."

"थोडाच टाका," सून म्हणाली.

मी थोडाच टाकला.