हुबळीच्या पलीकडची एक दुपार

शुक्रवारी दुपारी बाबांचं डायलिसिस संपलं आणि शनिवारी उजाडताना आम्ही अकोल्याहून निघालो. ऑक्टोबर संपत आला होता. वाशीम रोडच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, पण रात्रीच्या अवकाळी पावसाने भिजून बोंडांतून लोंबत होता. बाबा पुढच्या सीटवर होते, मांडीवर पाण्याची बाटली. दिवसभरात तेवढंच पाणी त्यांना चालतं. टोपणात ओतून ते घोट घोट घेत होते. गाडी रफिकभाईंची होती आणि चालवतही तेच होते. आमच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे.

या प्रवासाची आखणी दोन महिने चालली होती. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली, बरीच वर्षं परतवाडा–धारणी. त्यामुळे नकाशा पुढे घेऊन बसले की ते रस्त्याबद्दलच विचारत : घाट किती लांब, डिझेल कुठे, पुलावर पाणी येतं का. माझी चिंता वेगळी होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे तीन वार चुकवायचे नव्हते. शिकवते त्या शाळेच्या मधल्या सुट्टीत मी वाटेवरच्या हॉस्पिटलांना फोन करायची. शेवटी हुबळीतल्या एकाने सोमवार आणि बुधवार दिला. मग सगळं त्याभोवती बसवलं. शनिवारी सोलापूर, रविवारी हुबळी, सोमवारी डायलिसिस, मंगळवारी समुद्र, आणि बुधवारी दुपारच्या आत पुन्हा हुबळी. एवढ्या लांबच्या प्रवासात माझ्या भावासाठी, नितीनसाठी, मंगळवारची दुपार आणि संध्याकाळ उरत होती.

नितीन गोकर्णच्या अलीकडे एका गावात सर्फिंग शिकवतो, म्हणजे लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायला. अमरावतीच्या मुलाने विहिरीपलीकडे पाणी पाहिलेलं नसतं. हा मित्रांबरोबर आठ दिवसांसाठी गेला, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष सोडून तिथेच राहिला. बाबांनी बोलणं टाकलं. सहा वर्षांपूर्वी आई अचानक गेली तेव्हा नितीनचा फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी तो अमरावतीच्या घरी पोहोचला, तर बाबा आतूनच म्हणाले, ‘‘आता काहून (कशाला) आला? झालं सारं.’’ तो फाटकातूनच परत गेला. त्यानंतर दोघांची गाठ नाही. आजारपण वाढलं तसं मी बाबांना अकोल्याला माझ्याकडे आणलं.

‘‘त्यालेच बोलावून घेऊ,’’ मी म्हटलं होतं.

‘‘नाही. मी बोलावलं तं तो बिमार माणसाले भेटाले येईन. मले जायचं आहे. अन् त्याले मशीनचं काही सांगू नोको.’’

म्हणून नितीनला एवढंच माहीत होतं, की ताई येतेय.

हिंगोली, नांदेड, लातूर. सोलापूरच्या लॉजवर बाबांचे पाय सुजले होते. दुसऱ्या दिवशी विजापूरनंतर ते बोलायचेच थांबले. हुबळीला पोहोचलो तेव्हा बाजारात गिरमिटाचा (कालवलेल्या चुरमुऱ्यांचा) वास सुटला होता. रफिकभाईंनी एक पुडा घेतला आणि बाबांना चालत नाही हे आठवून गाडीबाहेर उभं राहूनच संपवला.

सोमवारी मशीन लावताना सिस्टरने हिंदीत विचारलं, ‘‘कहाँ जा रहे हैं, अंकल?’’

‘‘समुंदर देखने,’’ बाबा म्हणाले.

तिसऱ्या तासाला त्यांचं ब्लडप्रेशर एकदम उतरलं. डोळे पांढरे झाले. डॉक्टर धावत आले, सलाईन दिलं, पाय उंच केले. नंतर डॉक्टर मला म्हणाले, ‘‘तुम्ही इथूनच परत जा, असं मी सांगेन.’’ मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीला तोंड करून पडले होते. ‘‘उद्या सकाळी सातले निघू,’’ ते तसेच म्हणाले. मी ‘हो’ म्हटलं. त्या ‘हो’ची मला आजही भीती वाटते.

यल्लापूरपर्यंत ऊन होतं. पुढे जंगलाने रस्ता दोन्ही बाजूंनी आवळला आणि रफिकभाईंनी सकाळीच दिवे लावले. झाडांवर शेवाळ, शेवाळावर आणखी झाडं, वेलींचे दोरखंड, सगळ्यातून पाणी निथळणारं. ‘‘मेळघाटात पानं गळली का आरपार दिसते,’’ बाबा म्हणाले. ‘‘इथं पाच फुटांवर काय आहे ते समजत नाही. अशा जंगलात मले गाडी चालवाले आवडली नसती.’’

आरबैल घाटात टायर बसला. स्टेपनी होती, पण जॅक ओल्या मातीत रुतायला लागला. मागून ट्रक हॉर्न देत होते. बाबा दार उघडून खाली उतरले, सीटला धरून उभे राहिले. ‘‘रफिक, जॅकखाली चपटा दगड दे. आधी चाकाले अडण लाव.’’ रफिकभाईंनी तसं केलं. तरी दीड तास गेला. गाडी सुरू झाली तेव्हा बाबांनी घड्याळ पाहिलं.

समुद्र पहिल्यांदा दिसला तो राखाडी होता, आभाळही त्याच रंगाचं. नितीनची जागा म्हणजे माडाच्या झापांचा एक मांडव, आत उभ्या करून ठेवलेल्या फळ्या आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. बाबांना खुर्चीवर बसवून मी उशी आणायला गाडीकडे गेले. परत येताना नितीन पाण्यातून बाहेर येत होता. काळवंडला होता, खांदे रुंद झाले होते. काखेत फळी घेऊन तो मांडवात शिरला आणि बाबांसमोर थांबला.

‘‘अंकल, किसके साथ आए हो? पानी दूँ?’’

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. वजन किती उतरलं होतं, रंग किती काळा पडला होता, हे रोज पाहणाऱ्या मला त्या क्षणी कळलं.

‘‘नित्या,’’ ते म्हणाले, ‘‘मी आहो.’’

फळी त्याच्या हातून घसरली. तो वाळूतच बसला. मग तो घाईघाईने उठला, शेजारच्या टपरीवरून शहाळं फोडून आणलं आणि बाबांच्या हातात दिलं. मी ते ओढून घेतलं, सगळं पाणी त्याच्या पायावर सांडलं.

‘‘शहाळं चालत नाही त्यांना, पोटॅशियम असतं त्यात. जीव जाईल.’’

‘‘काय झालंय?’’ त्याने विचारलं. मी बाबांची बाही वर केली आणि दंडावरची डायलिसिसची फुगलेली शीर दाखवली. सुयांच्या खुणा त्याने मोजल्यासारख्या पाहिल्या.

‘‘कधीपासून, ताई?’’

‘‘दीड वर्ष.’’

‘‘आणि तू मला सांगितलं नाहीस.’’

बाबाच म्हणाले, ‘‘मीच नाही म्हटलं होतं तिले. तिच्यावर रागावू नोको.’’

त्या दुपारी दोघं फार बोलले नाहीत. बाबांनी फळी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं, ती कशाची करतात ते विचारलं. लाट कोणती धरायची हे कसं ठरवतोस, असंही विचारलं. नितीन सांगत होता आणि बाबा एसटीतल्या नव्या ड्रायव्हरचं ऐकावं तसं, मान किंचित कलती करून, ऐकत होते. संध्याकाळी त्याने बिनमिठाचा भात आणि दुधीची भाजी केली. ती मीही खाल्ली. बेचव होती. अंधार पडायच्या आत बाबा झोपले.

बुधवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा नितीन न विचारता मागच्या सीटवर येऊन बसला. हुबळीत चार तास मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिला. संध्याकाळी त्याला परतीची बस धरायची होती. सीझन नुकताच सुरू झाला होता, दुसऱ्या दिवशी शिकणारे येणार होते. स्टँडवर त्याने बाबांच्या पायांना हात लावला. बाबा म्हणाले, ‘‘सांभाळून राह्य.’’ बस सुटली.

सोलापूर मागे टाकून तुळजापूरचा घाट चढताना बाबा अचानक रफिकभाईंना म्हणाले, ‘‘मी त्याले एक गोष्ट म्हणणार होतो. त्याच्यासाठीच आलो होतो. म्हटलीच नाही.’’

‘‘फोन लावू का, काका?’’

‘‘ड्रायव्हरनं चालत्या गाडीत फोन लावू नये.’’

शुक्रवारी संध्याकाळी अकोल्यात आम्ही घरी न जाता डायलिसिससाठी थेट हॉस्पिटल गाठलं.

जानेवारीत बाबांनी पुन्हा नकाशा काढला. डॉक्टरांनी या वेळी स्पष्ट सांगितलं : हृदय कमजोर झालंय, आता लांबचा प्रवास नाही. बाबांनी नकाशाची घडी केली आणि दोन दिवस जेवणाला हात लावला नाही. तेव्हा मी नितीनला फोन करून घाटातलं ते बोलणं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, ताई. स्टँडवर मी वाट पाहत होतो.’’

मी फोन तसाच बाबांकडे नेला. त्यांनी तो कानाला लावला, आधी विचारलं, ‘‘लाटा कशा आहेत?’’ मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला. मला वाटलं, आता ठेवून देतील.

‘‘नितीन, तू फाटकात उभा होता त्या दिवशी, मी खिडकीच्या मांगं (मागे) होतो. तू कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहून राहिलो होतो. हाक तोंडात होती. मारली नाही. चुकलं माझं.’’

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि पाणी मागितलं. त्या दिवसाचं पाणी संपलं होतं, तरी मी अर्धं टोपण दिलं.

लोक मला विचारतात, समुद्र कसा होता. मी नीट पाहिलाच नाही. राखाडी होता आणि आवाज करत होता, इतकंच आठवतं. आम्ही आणखी आधी निघायला हवं होतं, सहा वर्षं आधी, हे मात्र रोज वाटतं. पावसाळ्यात तिथलं शिकवणं बंद असतं. तेव्हा येतो आणि दोन महिने राहतो, असं नितीनने कबूल केलंय. मधेच ये म्हणायला बाबा तयार नाहीत. त्याचं काम आहे, म्हणतात. अजून फेब्रुवारीच चालू आहे.