शेजारच्या खाटेवरची आक्का

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस मला पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. खिडकीतला उजेड हलायचा, नर्सचा आवाज लांबून यायचा, आणि कुठल्यातरी गुऱ्हाळावरून आलेला काकवीचा वास वॉर्डभर तरंगत राहायचा. कोल्हापुरातल्या त्या हॉस्पिटलात माझं मूत्राशय काढून टाकलं होतं. लघवीतून रक्त जायचं, पण दुखत काहीच नव्हतं, म्हणून कागलच्या कारखान्यातली नोकरी करत मी ते बरेच दिवस अंगावर काढलं. दुर्बीण घालून तपासलं तेव्हा कॅन्सरची गाठ स्नायूपर्यंत पोचली होती. आता आतड्याच्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट काढून दिली होती आणि तिथं एक पिशवी चिकटवली होती.

शेजारच्या खाटेवर चंदगडकडची एक बाई होती. साठीची, हाडापेरानं मोठी, आवाज त्याहून मोठा. तिचंही तेच ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. मी तिला आक्का म्हणायला लागले. तिचा नवरा दिवसभर स्टुलावर गप्प बसलेला असायचा. दोघांच्या वाटचं आक्काच बोलायची.

नर्स पिशवी रिकामी करायला शिकवायला आली, तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं. मला बघवत नव्हतं.

"आगं, बघ की!" आक्का ओरडली. "आपलंच हाय न्हवं? लाजतीस काय?"

मग स्वतःच्या पोटावरच्या त्या वाटेच्या लालचुटूक, ओलसर तोंडाकडं वाकून बघत म्हणाली, "ह्याला रोज धुवायचं, पुसायचं. या वयात बाळंतपणच आलं की गं!"

मी टाके धरून हसले. नवराही हसला, आवाज न करता.

दुपारी ती गावाकडचं सांगत बसायची. तिकडचं धुकं, काजूच्या झाडांखालची मऊ पायवाट, खाचरांत साठलेलं आभाळ. औषधाच्या गुंगीत मला ते समोर दिसायचं. मी कारखान्यातल्या लांबलचक शेडमधून चालतेय आणि पायाखाली गुडघाभर थंड पाणी आहे. पाण्यात हिरवं भात उभं आहे आणि पुढं आक्का चाललीय, मागं न बघता. डोळे उघडले की ती खाटेवर असायची, तोंड उघडं टाकून झोपलेली.

काढलेल्या मांसाच्या तपासणीचा निकाल आला, त्या सकाळी डॉक्टर आधी माझ्याकडं आले. "गाठ सगळी निघालीय. प्रकारही नेहमीचाच आहे. थोड्या पेशी कातडीसारख्या दिसतात, पण त्यानं फार फरक पडत नाही."

मग ते आक्काकडं गेले. पडदा ओढला, पण आवाज कुठं अडतोय!

"मावशी, तुमची गाठ यांच्याइतकीच खोल होती. पण तुमच्या पेशी वेगळ्या आहेत. त्या एकमेकींना धरून राहत नाहीत. सुट्या होतात आणि लांब जातात."

"म्हंजे ऑपरेशन एकच, पर वाण येगळा?"

"हो."

"माझा वंगाळ?"

"अवघड आहे. परत येण्याची भीती जास्त. सलाइनमधून औषधं देऊन बघू या."

"द्या की. बघू या," आक्का म्हणाली.

पडद्याच्या अलीकडं पडल्या पडल्या मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच श्वासात रडू आलं.

औषधांसाठी ती एसटीनं कोल्हापूरला यायची. मी कामावरून सुटी काढून तिच्याजवळ जाऊन बसायची. केस गेले, आवाज मात्र गेला नाही. पण पुढच्या काजूच्या मोहराला डॉक्टरांची भीती खरी ठरली. पोटाच्या आतल्या अस्तरावर सगळीकडं आजार पसरला होता. आक्कानं औषधं थांबवली आणि गावाकडंच राहिली.

मी भेटायला गेले, तेव्हा ती अंगणात घोंगड्यावर ऊन खात पडली होती. एवढी हलकी झाली होती, की घोंगड्यावर नुसता उजेडच पडलाय असं वाटलं.

"तुझं बरं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय, आक्का."

"मग तोंड का पाडलंस? माझ्या वाटचं तू काय घेतलं न्हाईस."

मी तिचा हात धरून बसले. उन्हाचा पट्टा हळूहळू सरकत आमच्यावरून भिंतीवर गेला. आक्का झोपली होती.

पाऊस सुरू व्हायच्या आधी ती गेली. तिच्या नवऱ्याचा फोन आला. "गेली," एवढंच म्हणाले, पण फोन ठेवला नाही. पलीकडं कुठंतरी कोंबड्या कलकलत होत्या. आम्ही दोघंही कितीतरी वेळ ते ऐकत राहिलो.

अजूनही मी तपासणीला जाते. गेल्या खेपेला सगळं स्वच्छ निघाल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, "आक्का आधी आली असती तर?"

"कदाचित," ते म्हणाले. "खात्रीनं नाही सांगता येत."

बाहेर येऊन मी चंदगडला आक्काच्या नवऱ्याला फोन लावला.

"मामा, माझा रिपोर्ट चांगला आला."

"बरं झालं," ते म्हणाले. मग, जसं काही आक्का आतच कुठंतरी काम करत असावी, "सांगतो तिला."